आधी दर, मग फाइल

उसाचा दर ठरल्याशिवाय कोयता लावू देणार नाही, असं ठणकावून सांगणाऱ्यांच्या जिल्ह्यात आपण राहतो. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला दर मागायला माणसं लोटतात. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज, ही 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातली तरतूद शिरोळ-हातकणंगल्याच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यालाही पाठ असते. दूध घालणारी बाई घ्या. फॅट किती लागली, दर काय बसला, दहा दिवसांचं बिल किती झालं, हे ती बोटांवर मोजून सांगते. फॅट कमी लागली तर संस्थेच्या सेक्रेटरीला उभ्या उभ्या जाब विचारते.

आणि त्याच घरातली बी.कॉम. झालेली सून? ती रात्री जेवणं आवरली की कॉम्प्युटर उघडून एखाद्या हॉस्पिटलच्या मेडिक्लेमच्या फायली करत बसते. डॉक्टरांचे लाखो रुपये तिच्या हातून मार्गी लागतात. तिला विचारलं, "फाइलमागे किती घेतेस गं?" तर ती हसते आणि म्हणते, "तसं काही ठरलं नाही ओ काकी. देतात की महिन्याला काहीतरी."

'काहीतरी'! या एका शब्दावर आज मला बोलायचं आहे.

हे काम आहे तरी काय?

पूर्वी हॉस्पिटलचं बिल म्हणजे कार्बन लावलेलं पावतीपुस्तक. पेशंटने पैसे भरायचे, पावती घ्यायची, विषय संपला. 1986 मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. 2001 मध्ये टीपीएंचे, म्हणजे विमा कंपनी आणि हॉस्पिटल यांच्या मधलं काम बघणाऱ्या संस्थांचे नियम झाले आणि 'कॅशलेस' हा शब्द हळूहळू आपल्या कानावर पडू लागला. मग सरकारी योजना आली. जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर 2013 पासून आपल्या कोल्हापुरासह उरलेल्या जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. 2017 पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो हे खरं, पण हॉस्पिटलच्या बाजूचे कागद, फोटो, रिपोर्ट वेळेवर चढवायला माणूस लागतोच.

मोठ्या हॉस्पिटलात यासाठी वेगळा विभाग असतो. पण राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क या भागांतली किंवा गडहिंग्लज, जयसिंगपूर, इचलकरंजीतली पंधरा-वीस खाटांची हॉस्पिटलं बघा. तिथे डॉक्टर, त्यांची बायको, दोन-चार सिस्टर आणि मेडिकलवाला एवढाच संसार. विम्याच्या फायली करायला त्यांना पूर्णवेळ माणूस परवडत नाही. म्हणून ते काम बाहेर जातं आणि बऱ्याचदा एखाद्या शिकलेल्या, घरी असलेल्या बाईकडे येतं.

लोकांना वाटतं, चार कागद स्कॅन करायचे, त्यात काय! अहो, पेशंट दाखल झाला की पूर्वमंजुरीचा अर्ज भरा. पॉलिसी, आधार कार्ड, जुने रिपोर्ट गोळा करा. अंदाजे खर्चाचा आकडा डॉक्टरांकडून काढून घ्या, आणि ऑपरेशनमधून बाहेर पडलेल्या डॉक्टरांना गाठणं हेच मुळात एक काम असतं. पोर्टलवर सगळं चढवा. मुक्काम वाढला तर वाढीव मंजुरी मागा. विमा कंपनीने क्वेरी काढली की उत्तर द्या, 'पेशंटला बीपी किती वर्षांपासून आहे?' घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड, बिलाचा तपशील, औषधांची बिलं आणि त्यांच्या चिठ्ठ्या, मोतीबिंदूची लेन्स असेल तर तिचं स्टिकर, हे सगळं जुळवा. आणि एवढं करून पैसे जमा झाले की किती कापले, कशासाठी कापले, किती कर कापला याचा मेळ घाला. एक कागद चुकला की क्लेम अडकलाच!

त्यात वेळेची घाई. 2024 मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना बजावलं, की कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि घरी सोडतानाच्या अंतिम अर्जावर तीन तासांत निर्णय द्या. पेशंटच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट झाली. पण कंपनीचं घड्याळ सुरू होतं ते अर्ज गेल्यावर, म्हणजे अर्ज करणाऱ्या आमच्या बाईचा फोन कुकरची शिट्टी होत असताना वाजला तरी तिने गॅस बंद करून कॉम्प्युटरकडे धावायचं. या 'तयार राहण्याला'ही किंमत असते, हे आपल्या लक्षातच येत नाही.

"आपल्यात कसला कागद?"

गेली काही वर्षं आमच्या महिला मंडळात बचत गटाच्या हिशेबाबरोबर अशा घरबसल्या कामांचे प्रश्न येऊ लागलेत. मी कला शाखेची पदवीधर. जमा-नावे हा काही माझा प्रांत नव्हे. पण माणसं कशी बोलतात आणि कुठे गप्प बसतात, हे बायकांबरोबर काम करून चांगलं कळायला लागतं. बाई दर विचारत नाही याची कारणं साधारण ठरलेली असतात. डॉक्टर ओळखीचे, बाळंतपण त्यांच्याकडेच झालेलं. डॉक्टरांच्या मिसेस गोड बोलतात, "ताई, तुम्ही घरच्याच की! आपल्यात कसला कागद?" आपल्याकडच्या बायकांचं बोलणंही मोकळंढाकळं, "मी करतो की वहिनी, त्यात काय एवढं!" घरी सासूबाईंचं म्हणणं, घरात बसून चार पैसे मिळतायत, अजून काय पाहिजे? आणि नवऱ्याचं म्हणणं, जास्त ताणू नको, काम जाईल.

याचं पुढे काय होतं ते एका मैत्रिणीच्या अनुभवावरून सांगते. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका हॉस्पिटलचा नाहीच. तिने सव्वा वर्ष फायली केल्या. दर तोंडी, तोही 'बघू, क्लेम पास झाला की देऊ' असा. पहिले काही महिने बरे गेले. नंतर विमा कंपनीकडून हॉस्पिटलचे पैसे अडकले, तसे हिचेही अडकले. मग एक मोठा क्लेम नाकारला गेला. केस पेपरवर जुन्या आजाराबद्दल एक आणि डिस्चार्ज कार्डावर दुसरंच लिहिलेलं होतं. दोन्हीकडे अक्षर हॉस्पिटलचं. पण बोलणी हिने खाल्ली, "तुम्ही बघायला नको का?" त्या महिन्याचे पैसे कापले.

तिच्या बरोबर मी बोलायला गेले होते. भांडायला नव्हे, हिशेब मांडायला. तिच्याकडे करार नव्हता, पण एक गोष्ट होती. मुलीच्या उरलेल्या वहीत तिने प्रत्येक फाइलची तारीख, पेशंटचा आयपीडी नंबर, फाइल कधी पाठवली आणि पैसे कधी जमा झाले हे लिहून ठेवलं होतं. डॉक्टरांनी ती वही पानं उलटून बघितली आणि गप्प झाले. वाईट माणूस नव्हे हो ते. त्यांना खरंच माहीत नव्हतं, की एवढ्या फायली झाल्यात. पैसे तीन हप्त्यांत मिळाले. काम मात्र पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाईकडे गेलं, आणखी कमी पैशांत.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. दर न ठरवता काम करणारी बाई स्वतःचं नुकसान करतेच, पण तिच्या शेजारच्या गल्लीतल्या बाईचाही दर पाडते.

वही हाच आपला काटा

कारखान्यावर उसाचं वजन करायला काटा असतो. तो काटा मारला की केवढा गदारोळ होतो! आपल्या घरच्या कामाला काटाच नाही, मग मारला काय आणि न मारला काय. म्हणून पहिलं काम म्हणजे महिनाभर वही ठेवा. फाइल हातात घेतली किती वाजता, संपली किती वाजता, फोन किती वेळा आला, हॉस्पिटलला फेऱ्या किती झाल्या, सगळं लिहा.

आता एक हिशेब करू. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा महिन्याला 40 फायली येतात आणि एका फाइलला पहिल्या अर्जापासून पैसे जमा होईपर्यंत मिळून अडीच तास लागतात. म्हणजे झाले 100 तास. इंटरनेट, वीज, शाई, कागद, फोन, स्कूटीचं पेट्रोल आणि कधीतरी नवा कॉम्प्युटर घ्यावा लागणार म्हणून बाजूला ठेवायची रक्कम, असा खर्च धरू 3,500 रुपये. डॉक्टर म्हणाले, फाइलमागे 150 देतो. 40 फायलींचे झाले 6,000. खर्च वजा करून उरले 2,500. म्हणजे तासाला 25 रुपये! हे पंचवीस रुपये कागदावर बघितले तेव्हा आमच्या गटातल्या बायकांचे चेहरे उतरले होते. 6,000 ऐकायला बरं वाटतं, 25 ऐकवत नाही.

आता उलटीकडून या. माझ्या तासाला किमान 120 रुपये मिळायला हवेत असं तुम्ही ठरवलं, तर 100 तासांचे 12,000, खर्च 3,500, एकूण 15,500. भागिले 40. फाइलमागे साधारण 390 रुपये. हा झाला तुमचा तळाचा आकडा. याच्या खाली जाणं म्हणजे घरातलेच पैसे घालून दुसऱ्याचं हॉस्पिटल चालवणं.

माझं मत असं, की नुसत्या फाइलमागे दरापेक्षा दोन भागांत दर ठरवावा. महिन्याला ठरावीक रक्कम आणि त्यावर जादा फायलींचे वेगळे पैसे. उदाहरणार्थ, 25 फायलींपर्यंत महिना 10,000 आणि त्यापुढे प्रत्येक फाइलला 370. 40 फायली झाल्या तर 15,550 होतात, म्हणजे हिशेब तोच. फायदा हा, की दिवाळीच्या महिन्यात फायली कमी आल्या तरी तुमचं इंटरनेटचं बिल भरलं जातं आणि पावसाळ्यात तापाचे पेशंट वाढले तर जादा कामाचे जादा पैसे मिळतात. डॉक्टरांनाही महिन्याला साधारण किती द्यायचे ते आधी कळतं.

टक्केवारी नको गं बाई

हल्ली एक नवीन प्रस्ताव येतो. "ताई, पगार-बिगार नको, क्लेमच्या रकमेवर टक्के घ्या. तुमचाही फायदा, आमचाही." ऐकायला गोड आहे. अमेरिकेत डॉक्टरांचं बिलिंग करणाऱ्या कंपन्या मोठ्या प्रमाणावर अशीच वसुलीवर टक्केवारी घेतात, हे तिकडे भाची-पुतणी असलेल्या घरांत माहीत असतं. पण तिथेही न्यूयॉर्कसारख्या राज्यात डॉक्टरांनी बिलिंगवाल्याला टक्केवारी देणं नियमात बसत नाही. का, याचा विचार करा.

बिल जेवढं मोठं तेवढा माझा वाटा मोठा, असं एकदा ठरलं की नजर बदलते. दोन दिवसांचा मुक्काम तीन दिवसांचा दिसला तर आपल्याला काय, असं वाटायला लागतं. आणि हे पैसे कुणाचे? कंपनीचे, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण पेशंटच्या पॉलिसीची रक्कम ठरलेली असते. मार्चपर्यंत पुरायचं कवच आपण जूनमध्येच फुगवलेल्या बिलात संपवलं, तर सप्टेंबरमध्ये त्याच घरातल्या म्हातारीच्या ऑपरेशनला काय उरलं? जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, तेही सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशांतून.

दुसरं व्यवहाराचं कारण. टक्केवारी क्लेमचे पैसे आल्यावर मिळते. ते कधी यायचे, हे ना तुमच्या हातात ना डॉक्टरांच्या. काम तुम्ही आज केलंत, मग जोखीम तुम्ही का घ्यायची? साध्या तापाच्या फाइलला आणि हाडाच्या ऑपरेशनच्या फाइलला मेहनत कमी-जास्त लागते हे खरं. मग साधी फाइल आणि ऑपरेशनची फाइल असे दोन दर करा. मेहनतीवर दर ठेवा, बिलावर नको.

कागदावर काय काय हवं?

करार म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं. तसं काही नाही. दोन पानांत मावेल, साध्या मराठीत लिहिता येईल. फक्त पुढच्या गोष्टी सुटता कामा नयेत.

एक, काम कुठून कुठपर्यंत. पूर्वमंजुरीपासून पैसे जमा होईपर्यंत की फक्त फाइल पाठवेपर्यंत? नाहीतर आज फाइल, उद्या स्टाफचे पगार, परवा डॉक्टरांच्या मुलाचा प्रोजेक्ट टाइप करणं, असं काम वाढत जातं.

दोन, हॉस्पिटलने काय द्यायचं आणि किती वेळात. सही-शिक्क्याचं डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, औषधांची बिलं अमुक तासांत मिळाली तरच पुढची वेळ पाळण्याची जबाबदारी माझी.

तीन, पैसे किती आणि कोणत्या तारखेला. त्यात हे स्पष्ट लिहा, की विमा कंपनीचे पैसे येवोत न येवोत, माझ्या कामाचे पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यात जमा होतील.

चार, क्लेम नाकारला तर? माझ्या हातून अर्ज चुकीचा भरला गेला तर मी तो फुकट दुरुस्त करून देईन. वैद्यकीय नोंदीत फरक असेल किंवा पॉलिसीतच तो आजार बसत नसेल तर पैसे कापायचे नाहीत, आणि पुन्हा अर्ज करायचा तर त्याचा दर वेगळा.

पाच, वेळ. सकाळी किती ते संध्याकाळी किती, रविवारी काय, गौरी-गणपतीत काय. रात्री आठनंतर फोन आला तर जादा आकार. तुम्ही लिहिलंत की फोनही आपोआप कमी होतात, बघा अनुभव घेऊन.

सहा, पेशंटची माहिती. पोर्टलचे लॉगिन-पासवर्ड हॉस्पिटलच्या नावाचे असावेत, आपल्या नावाचे नव्हे. कुणाला कुठला आजार आहे हे आपल्या कॉम्प्युटरवर येतं, आणि त्याच कॉम्प्युटरवर मुलं गेम खेळतात! पासवर्ड ठेवा, कागद व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 मध्ये देशात कायदा झाला आहे. पण कायद्याच्याही आधी, शेजारणीच्या जावेची फाइल आपल्याकडे आली तरी ती आपल्या ओठांवर येता कामा नये. काम सोडताना कागद परत केले आणि कॉम्प्युटरवरून माहिती पुसली, हेही लिहून द्या.

सात, खोटं लिहिणार नाही. तारीख बदलणं, आजाराची जुनी नोंद गाळणं, न झालेली तपासणी दाखवणं मी करणार नाही, हे वाक्य करारात असू द्या. एखाद्या दिवशी कुणी गळ घातली तर तुम्हाला वाद घालावा लागत नाही, नुसतं बोट ठेवता येतं.

आठ, मुदत आणि शेवट. करार एका वर्षाचा, दरवर्षी दर पुन्हा ठरवायचा. थांबायचं असेल तर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना, आणि थांबताना हातातल्या फायलींचे पैसे चुकते.

कायदा आपल्या बाजूला आहे

तोंडी करार आपल्याकडे 1872 च्या करार कायद्यानेही पूर्ण बाद नाही. पण तो सिद्ध कोण करणार? डॉक्टरांच्या लेटरहेडवर दोघांच्या सह्या असलेलं पत्र असेल तरी पुष्कळ. काम मोठं असेल तर वकिलांना दाखवून मुद्रांकावर करार करा. आता 100 रुपयांच्या स्टॅम्पची सवय सोडायला हवी, ऑक्टोबर 2024 पासून आपल्या राज्यात अशा करारनाम्यांना 500 रुपयांचा मुद्रांक झाला आहे.

आणखी एक गोष्ट बायकांना फारशी माहीत नसते. 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा फक्त कारखान्यांसाठी नाही, सेवा देणाऱ्यांसाठीही आहे. घरातून फायली करणारी बाईसुद्धा सूक्ष्म उद्योगात बसू शकते. 'उद्यम' ही नोंदणी जुलै 2020 पासून सुरू आहे, आधार कार्डावर होते आणि तिला सरकारी फी एक पैसाही नाही. त्यामुळे त्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. नोंदणी काम सुरू करण्याआधी करून ठेवा. या कायद्याने लेखी करार असेल तर त्यात ठरलेल्या दिवशी, आणि काही झालं तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. लेखी काही नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढीने व्याज. म्हणजे उसाच्या 15 टक्क्यांपेक्षाही कडक! तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे. त्याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करता येते.

डॉक्टर पैसे देताना कर कापून देत असतील तर घाबरू नका. त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. तुमचं उत्पन्न कराच्या मर्यादेत नसेल तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तोवर जीएसटीच्या नोंदणीची भीती बाळगायचंही कारण नाही. आणि पैसे स्वतःच्या खात्यात घ्या. नवऱ्याच्या खात्यात जमा झालेली कमाई उद्या कर्ज काढताना तुमची म्हणून दाखवता येत नाही.

डॉक्टरांची बाजू

कुणी म्हणेल, बाई डॉक्टरांच्या मागे लागल्यात. मुळीच नाही. लहान हॉस्पिटल चालवणं आज सोपं नाही. विमा कंपन्या बिलात कापाकापी करतात, पैसे वेळेवर येत नाहीत, सिस्टर टिकत नाहीत. हे सगळं मला दिसतं. पण म्हणूनच तर कागद हवा! करारामुळे डॉक्टरांनाही कळतं, की फाइल किती वेळात जाईल, क्वेरीला कोण उत्तर देईल, बाई अचानक सोडून गेली तर पासवर्ड कुणाकडे असतील. मेडिकलवाल्याशी, ऑक्सिजनवाल्याशी, लिफ्टच्या दुरुस्तीवाल्याशी त्यांचे दर लेखी ठरलेले असतात. तिथे नाही कुणी म्हणत, 'आपल्यात कसला कागद?' मग ही घरगुती माया नेमकी बाईच्याच कामाला का लागते?

आणि काम जाईल त्याचं काय? जाईल, एखादं जाईलही. मी खोटा धीर देणार नाही. एकटीने दर मागितला तर दुसरी तयार असते, हे मी वर सांगितलंच. म्हणून एकटीने मागू नका. आपल्या गावात हे काम करणाऱ्या पाच जणी शोधा, महिन्यातून एकदा बसा, आपापला हिशेब मांडा आणि याच्या खाली जायचं नाही असा तळाचा दर ठरवा. दूध संस्था तरी अशाच उभ्या राहिल्या ना? एकेका घरची चरवी एकत्र आली तेव्हाच दुधाला दर मिळाला. शिवाय पाच जणी असल्या की एकीचं बाळंतपण, दुसरीच्या मुलीची दहावी, तिसरीचं आजारपण सांभाळून फायली थांबत नाहीत, आणि हॉस्पिटललाही हेच हवं असतं.

बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, असं आपल्याकडे म्हणतात. तुमच्याकडे तर गहूच आहेत, मैत्रिणींनो. तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "ताई, एवढी फाइल करून द्या, पैशांचं बघू नंतर," तर रागावू नका, लाजूही नका. हसून एवढंच सांगा, "करून देते की डॉक्टर. हा दराचा कागद आहे, वाचून सही करा, लगेच बसते." पहिल्यांदा म्हणताना जीभ थोडी अडखळेल. दुसऱ्यांदा नाही.